सुपारी फुटण्याआधी हृदयाची गोष्ट सांगायची का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

तापीकाठच्या एका गावातून एका तरुणाने लिहिलं आहे. वय २९. घरची केळी आणि कापूस, शिवाय तालुक्याच्या गावी ठिबकच्या दुकानात नोकरी. गेल्या पोळ्याच्या सुमारास त्यांना ताप आला आणि तो उतरता उतरता छातीत दुखू लागलं. जळगावला नेलं तेव्हा ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं. हार्ट अटॅक समजून अँजिओग्राफी केली, पण एकही ब्लॉकेज निघालं नाही. पुढे नाशिकला हृदयाचा एमआरआय झाला आणि 'अ‍ॅक्यूट मायोकार्डायटिस', म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, असं निदान ठरलं. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, तेव्हा ४५ टक्के होतं, तीन महिन्यांनंतरच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ५६ भरलं. आता कसलाच त्रास नाही. तरी आई पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही. चैत्रात गावच्या मंडळींबरोबर सप्तशृंगी गडावर पायी जायचं त्यांच्या मनात आहे.

खरा पेच पुढे आहे. स्थळ आलं आहे, मुलगी पसंत आहे, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लग्न धरायचं घाटतं आहे. वडील आणि मामा म्हणतात, "आजाराचं नाव काढू नको. ब्लॉकेज नव्हतं म्हणजे काहीच नव्हतं." सोयऱ्यांनी गोळ्यांचं पाकीट पाहून विचारू नये म्हणून या तरुणाने तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या स्वतःच बंद केल्या. ते विचारतात : "मी बरा झालो, की आयुष्यभराचा हार्ट पेशंट झालो? न सांगता लग्न केलं तर फसवणूक होईल का? आणि सांगितलं तर स्थळ मोडेल, धाकट्या बहिणीच्या लग्नालाही आडवं येईल, त्याचं काय?"

उत्तर

भाऊ, तुमच्या पत्रात लग्नाचा प्रश्न मोठ्या अक्षरात आहे आणि गोळ्या बंद केल्याचं एका ओळीत. मी ती ओळ आधी घेतो, कारण तिला थांबायला वेळ नाही.

उद्या सकाळी तुमच्या हृदयतज्ज्ञांना फोन करा आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत ते खरं सांगा. ते रागावले तरी चालेल. आपल्या मनाने बंद केल्या, आता आपल्या मनाने पूर्ण डोस सुरूही करू नका. तुम्हाला रॅमिप्रिल (बीपी उतरवून हृदयावरचा भार कमी करणारी गोळी) आणि मेटोप्रोलॉल (ठोके आवरणारी गोळी) होतं असं लिहिलंय. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली की ठोके वाढू शकतात, बीपी चढू शकतं. तीन आठवड्यांच्या खंडानंतर ती पुन्हा घ्यायची तर नाडी आणि बीपी पाहून, कदाचित कमी डोसापासून, घ्यावी लागते. ते डॉक्टर ठरवतील.

तुम्ही म्हणाल, पंपिंग ५६ झालं, मग गोळी कशाला? हा प्रश्न माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट विचारतो आणि तो रास्त आहे. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला होता. हृदय पसरून कमजोर झालेलं आणि औषधांनी पूर्ण सुधारलेलं, असे ५१ जण त्यात होते. त्यांतल्या निम्म्यांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने बंद केली. सहा महिन्यांत त्या गटातल्या ४४ टक्के लोकांचं हृदय पुन्हा खालावलं. औषधं चालू ठेवलेल्यांपैकी एकाचंही खालावलं नाही. ते पेशंट तंतोतंत तुमच्यासारखे नव्हते, त्यांचा आजार जुना होता, हे मला ठाऊक आहे. मायोकार्डायटिसमधून उठलेल्या अनेकांच्या गोळ्या पुढे खरोखर बंद होतात. पण इकोवरचा चांगला आकडा गोळीसकट आलेला असतो. गोळीविना तो टिकतो का, हे तपासत तपासत पाहायचं असतं. पाकीट लपवायचं म्हणून गोळी सोडणं हे त्यात बसत नाही.

आता आजाराबद्दल. मामा म्हणतात ब्लॉकेज नव्हतं म्हणजे काहीच नव्हतं. गावातला दुसरा कुणी म्हणत असेल, पोराला अटॅक येऊन गेला. दोन्ही चूक आहे. अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद पडते आणि तिच्या हद्दीतला स्नायू मरतो. तुमच्या वाहिन्या मोकळ्या होत्या. स्नायूलाच सूज आली होती, बहुधा तापाच्या विषाणूमुळे आणि त्या विषाणूशी लढताना शरीराच्या प्रतिकारशक्तीने जो मारा केला त्यामुळे. स्नायूला इजा झाली म्हणून ट्रोपोनिन वाढलं, छाती दुखली, पंपिंग उतरलं. म्हणजे काहीतरी नक्की झालं होतं, आणि ते चांगलंच गंभीर होतं.

कोणता विषाणू ते सांगता आलं नाही, याबद्दल तुम्ही डॉक्टरांवर नाराज दिसता. फ्लू, कोविड, डेंगी, कॉक्सॅकी, पार्व्हो, अशी यादी मोठी आहे आणि बऱ्याच पेशंटमध्ये नेमकं नाव शेवटपर्यंत कळत नाही. हा हलगर्जीपणा नव्हे. आणि तुमच्या काकांनी "कोरोनाची लस भोवली" असं म्हटलंय, त्याबद्दल : लशीनंतर मायोकार्डायटिस झाल्याची नोंद आहे, पण ती प्रामुख्याने एमआरएनए प्रकारच्या लशींची, मुख्यतः तरुण पुरुषांमधली, आणि डोसनंतर काही दिवसांत उद्भवलेली. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या त्या प्रकारच्या लशी नाहीत, आणि तुमचा आजार तर डोसनंतर कित्येक वर्षांनी, तापामागोमाग आला. काकांशी वाद घालू नका, पण हे ओझं मनावर घेऊ नका.

मग पुढे काय होतं? इंटरनेटवर तुम्ही रात्र रात्र वाचलंय असं दिसतं, आणि तिथे तुम्हाला एकमेकांशी न जुळणारे आकडे भेटले असणार. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली लिहिलं होतं की साधारण निम्मे रुग्ण पहिल्या दोन ते चार आठवड्यांतच सावरतात, एक चतुर्थांश रुग्णांच्या हृदयात कमजोरी राहून जाते, आणि १२ ते २५ टक्क्यांची तब्येत ढासळते. ते वाचून कुणाचीही झोप उडेल. मात्र असे जुने आकडे ज्यांच्यावरून काढले, त्यांत गंभीर अवस्थेत दाखल झालेले, हृदयाचा तुकडा काढून तपासावा लागलेले पेशंट जास्त होते. एमआरआयमुळे आता छातीत दुखून आलेले सौम्य रुग्णही ओळखू येतात, आणि तसं मोजलं की चित्र बरंच बदलतं.

२०१८ साली इटलीतल्या लोम्बार्डी भागातल्या रुग्णालयांनी ४४३ रुग्णांचा हिशोब प्रसिद्ध केला. त्यांचं मधलं वय ३४, म्हणजे तुमच्यासारखीच तरणीताठी माणसं, आणि दर पाचांतले चार पुरुष. त्यांनी दोन गट केले. दाखल होतानाच पंपिंग ५० टक्क्यांच्या खाली, किंवा जीवघेणी अनियमित धडधड, किंवा हृदय शरीराला रक्त पुरवू शकत नाही अशी अवस्था, हा पहिला गट. यांतलं काहीच नाही, तो दुसरा. सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण दुसऱ्या गटात होते, आणि पाच वर्षांत त्यांच्यापैकी एकाचाही हृदयाच्या कारणाने मृत्यू झाला नाही, की कुणाला हृदय बदलावं लागलं नाही. पहिल्या गटात मृत्यू किंवा हृदय-प्रत्यारोपण यांचं प्रमाण वर्षाअखेर ११.३ टक्के होतं, पाच वर्षांनी १४.७.

तुमचं पंपिंग ४५ होतं, म्हणजे व्याख्येने तुम्ही पहिल्या गटात येता. हे मी मुद्दाम लपवत नाही, कारण तुम्ही फाईल घेऊन बसलात की ते तुम्हाला दिसणारच. पण ते आकडे नीट वाचा. त्या गटात शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळलेल्या अवस्थेत, आलेले, मशीनवर ठेवावे लागलेले रुग्णही मोजले आहेत, आणि ४५ टक्के पंपिंग घेऊन स्वतःच्या पायांनी घरी गेलेलेही. आणखी एक गोष्ट पाहा : १४.७ पैकी ११.३ टक्के पहिल्याच वर्षात घडलं, पुढच्या चार वर्षांत मिळून साडेतीन टक्क्यांच्या आसपासच भर पडली. वाईट घडतं ते बहुतेक सुरुवातीलाच. तुम्ही त्यातला सर्वांत धोक्याचा काळ ओलांडला आहे आणि तुमचं पंपिंग ५५च्या वर, म्हणजे नेहमीच्या पातळीवर, आलं आहे. तुमच्याबद्दल मला आशा वाटते, ती या दोन गोष्टींमुळे.

तरी तपास अर्धा राहिला आहे. आजाराला सहा महिने होत आले आणि दवाखान्यातून सुटल्यानंतरचा एकच इको तुमच्या हातात आहे. सहा महिन्यांचा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण सूज ओसरून मागे काय राहिलं ते साधारण तेव्हाच नीट दिसतं. इको पुन्हा करा. चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद करणारं छोटं यंत्र, लावा. हृदय मधूनच वाकडे ठोके टाकतं का ते त्यात कळतं, आणि झोपेत पडणारे ठोके माणसाला स्वतःला जाणवत नाहीत. ट्रेडमिलवर चालण्याची तपासणी करा. ती आधी डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत करणं आणि मग शेतात अंग झोकणं, हा क्रम सोडू नका. रक्तात सुजेच्या खुणा आणि वाढलेलं ट्रोपोनिन शिल्लक आहे का ते पाहायला साधी तपासणी पुरते.

आणि एमआरआय. तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये हृदयाच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीत छोटा व्रण लिहिला आहे, आणि तोच शब्द तुमच्या मनात बसला आहे. आजार नवा असताना एमआरआयमध्ये जो डाग दिसतो त्यात थोडी सूज आणि थोडी कायमची इजा, दोन्ही मिसळलेलं असतं. पायाला ठेच लागली की पहिल्या दिवशी सगळा पंजा सुजलेला दिसतो, खरी जखम किती ते सूज उतरल्यावर कळतं, तसंच हे. पुष्कळांच्या दुसऱ्या एमआरआयमध्ये डाग आक्रसलेला असतो. डाग कुठे आहे यालाही अर्थ आहे. बाहेरच्या बाजूच्या भिंतीतला डाग हा नेहमी आढळणारा प्रकार आहे. दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, मधल्या थरात असलेल्या डागाकडे डॉक्टर अधिक काळजीने पाहतात. त्यामुळे डॉक्टर दुसरा एमआरआय सांगत असतील तर खर्चाकडे पाहून तो टाळू नका. मला माहीत आहे, केळीचे भाव पडलेले असले की नाशिकची फेरी आणि एमआरआयचं बिल जड जातं. पण साखरपुड्याच्या खर्चातून तेवढं बाजूला निघू शकतं.

आईबद्दल. तुमची आई "कसाले करस रे भाऊ, राहू दे" म्हणते आणि कळशी हातातून काढून घेते. तिने तुम्हाला ऑक्सिजन लावलेला पाहिलाय, तिची भीती मी समजू शकतो. पहिले काही महिने तिचं म्हणणं बरोबरही होतं. सूज असताना जोराचा व्यायाम केला तर हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकतं. म्हणूनच पूर्वी सरसकट तीन ते सहा महिने मेहनत बंद ठेवायला सांगत. आता पेशंटगणिक ठरवतात, सौम्य आजारात ही मुदत कमीही करतात. पण बंदी कधी संपली हे कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर ती वर्षानुवर्षं चालते. असे पुरुष मी पाहिले आहेत : हृदय कधीचं सुधारलेलं, आणि माणूस खाटेवर बसून, वजन वाढलेलं, बायको एकटी शेतात. ते आजाराने झालेलं नव्हतं. तपासण्यांना जाताना आईला बरोबर न्या. मशीनवर तुम्ही चालत असताना ती बाहेर बसलेली असू द्या, आणि "आता हा काय काय करू शकतो" हे डॉक्टरांच्या तोंडून तिच्या कानावर पडू द्या. तुमच्या तोंडचं ती ऐकणार नाही.

परवानगी मिळाल्यावरही एकदम केळीच्या घडाला खांदा लावू नका. श्वास रोखून वजन उचलणं आणि चालणं या हृदयाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी रोजचं चालणं, मग हलकी कामं, मग हळूहळू भार. पाठीवर पंप घेऊन भर उन्हात फवारणी हे काम या हंगामात दुसऱ्याला द्या.

गडाची पायी यात्रा. खान्देशातून चैत्रोत्सवाला पायी जाणाऱ्यांची श्रद्धा मला ठाऊक आहे, आणि नवस बोललेला असला तर तो मनाला किती धरून बसतो हेही. तरी या वर्षी पायी जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. चैत्रातलं आपल्याकडचं ऊन, सलग कित्येक दिवसांची चाल, अपुरी झोप, वाटेत कुठलंही पाणी. त्यात रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं की बीपी खाली येतं आणि किडनीवर ताण येतो. वाटेत ताप भरला तर तुम्ही मंडळींना सोडून परत फिरणार नाही, हेही मी जाणतो. एसटीने जा. ट्रेडमिल चांगली आली असेल तर पायऱ्या सावकाश चढा, नसेल तर ट्रॉलीने वर जा. देवीला पुढच्या वर्षीही चैत्र आहे.

आता लग्न. तुम्ही विचारलंत, फसवणूक होईल का. कायद्याचं आधी सांगून टाकतो : हिंदू विवाह कायद्यात, लग्नाच्या वेळी महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर फसवणुकीच्या मुद्द्यावर लग्न रद्द करून मागता येतं. सावरलेला मायोकार्डायटिस त्यात बसेल की नाही हे न्यायालय ठरवेल. पण तुमची रात्रीची झोप कलमामुळे उडालेली नाही.

मला तुमच्या पत्रात जे दिसतं ते सांगतो. लग्न अजून ठरायचं आहे आणि लपवण्याची किंमत तुम्ही आत्ताच मोजायला लागला आहात. पाकीट दिसू नये म्हणून गोळ्या गेल्या. उद्या होल्टरच्या तारा दिसू नयेत म्हणून ती तपासणी जाईल. मग पुढच्या इकोसाठी जळगावला जाताना "बियाणं आणायला चाललो" असं बायकोला सांगावं लागेल. तुमच्या आजाराचं भवितव्य बऱ्यापैकी चांगलं आहे, पण ते गोळ्या, तपासण्या आणि वेळेवर ओळखलेला त्रास यांवर उभं आहे, आणि लपवाछपवी नेमकी हेच तोडते. वडिलांना वाटतं लपवल्याने तुम्ही सुरक्षित राहाल. मला ते उलट दिसतं.

आणखी व्यवहाराचं बोलू. समजा लग्नानंतर दोन वर्षांनी तुम्ही रात्री चक्कर येऊन पडलात. तेव्हा शेजारी ती असेल. १०८ला फोन ती करेल, दवाखान्यात "आधी काही झालं होतं का" हा प्रश्न तिलाच विचारतील. तिला उत्तर माहीत असायला हवं.

म्हणून माझं मत : सांगा. सुपारी फुटण्याआधी सांगा, आणि तपासण्या झाल्यावर सांगा. आत्ता गेलात तर तुमच्याकडे सांगायला फक्त भीती आहे. तीन-चार आठवड्यांत हातात कागद येतील. आधी मुलीला सांगा. मध्यस्थाच्या तोंडून निरोप पाठवू नका; तो दोन गावं फिरून पोहोचेपर्यंत "हृदयाला भोक आहे" असा होतो. मुलीला भेटायला घरचे परवानगी देत नसतील तर फोनवर बोला, आणि मग तिच्या वडिलांशी तुम्ही आणि तुमचे वडील दोघं मिळून बोला.

शब्द साधे ठेवा. असं काहीसं : "मागच्या पोळ्याला मला ताप आला आणि त्यातून हृदयाच्या स्नायूला सूज आली. रक्तवाहिन्यांत काही अडथळा नाही. हृदयाचं काम कमी झालं होतं, आता सुधारलंय, हे रिपोर्ट. काही काळ गोळ्या आहेत, वर्षातून एक-दोनदा तपासणी आहे. पुन्हा होण्याची शक्यता थोडी असते, ती मी नाकारत नाही. तुम्हाला हवं तर माझ्या डॉक्टरांना भेटा, मी परवानगी देतो." "किरकोळ होतं" म्हणू नका, आणि हात जोडून माफीही मागू नका. तुमचा यात काही गुन्हा नाही.

ते काही गोष्टी नक्की विचारतील. संसर्ग होतो का? नाही. मुलांना होईल का? मायोकार्डायटिस सहसा वंशपरंपरेने जात नाही. फक्त एक अपवाद आहे : आजार पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, कुणाचं हृदय मोठं झालेलं असेल, तर जनुकांची तपासणी करावी लागते. तुमच्या घराण्यात असं कुणी आहे का हे आजोबांच्या पिढीपर्यंत विचारा आणि डॉक्टरांना सांगा. संसारसुखाला अडचण आहे का? जो माणूस दोन जिने न थांबता चढतो त्याला सहसा नाही. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी काहींना त्रास वाटतो. तसं झालं तर गोळी गुपचूप सोडू नका, डॉक्टरांना सांगा, त्याला पर्याय असतात.

हे वाचणाऱ्या ज्या बहिणींना हा आजार झाला आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी आहे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या गोळ्या गर्भाला घातक असतात, आणि पंपिंग कमी असेल तर बाळंतपणाचा ताण हृदयाला झेपेल का हे आधी पाहावं लागतं. दिवस राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा ठरवण्याआधीच हृदयतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांना भेटा. त्या काळजीसकट कित्येकींची बाळंतपणं सुखरूप होतात. म्हणून "हिला मूल होणार नाही" असा शिक्का सासर-माहेर कुणीही मारू नये.

आणि सगळ्यांसाठी : चालताना किंवा काम करताना शुद्ध हरपली, धडधड थांबेना, आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, पायांवर सूज आली, किंवा पहिल्यासारखं छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप असताना मेहनतीचं काम करू नका. अंगदुखीसाठी मेडिकलवरून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी का ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. गुटखा, बिडी बंद. दारूपासून लांब राहा, ती हृदयाच्या स्नायूला थेट दुबळं करते.

तुमच्या वडिलांची बाजू मी सोडून देत नाही. त्यांच्यासमोर दोन लेकरांची लग्नं आहेत, आणि आपल्या भागात घराला "आजारी घर" असं नाव पडलं की ते किती वर्षं पुसत नाही हे त्यांनी बघितलेलं आहे. बहिणीची काळजी खोटी नाही. पण तुमच्या तापातून आलेल्या सुजेचा तिच्या तब्येतीशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी एका ओळीत लिहून दिलं तर ते वडिलांच्या हातात असू द्या. बोलणी झाल्यावर महिनाभरात गोष्ट बाहेर फुटली तर बहिणीचं जास्त नुकसान होईल, हेही त्यांच्याशी शांतपणे बोला. भांडू नका. पुढच्या भेटीला आईसोबत त्यांनाही न्या. मामांनाही चलायचं असेल तर उत्तमच.

मुलीकडचे नाही म्हणू शकतात. तसं होणार नाही असं मी लिहिणार नाही. होकार आलेला असताना नकार आला तर तो बोचेल, गावात चार दिवस चर्चाही होईल. तेव्हा एकटे राहू नका, एखाद्या मित्राला आधीच सांगून ठेवा. असंही होऊ शकतं की ते आठ दिवस मागतील, आपल्या ओळखीच्या डॉक्टरला फाईल दाखवतील. दाखवू द्या. त्यासाठी फाईलची एक प्रत आजच करून ठेवा : दाखल झाल्याच्या दिवसाचा ईसीजी, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, दोन्ही इको, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, तारखेप्रमाणे लावून. ती प्रत त्यांच्यासाठी, मूळ फाईल तुमच्या घरी, आणि दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये.

पण आधी उद्याचा तो फोन करा.